टोपीतील दुसरे नाव

ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे २६ जानेवारी २०२६ रोजी सर डोनाल्ड ब्रॅडमन यांची एक हिरवी टोपी ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांस विकली गेली, ही वार्ता वाचकांच्या दृष्टीखालून एव्हाना गेलीच असेल. आणि डॉलरांचे रुपये केल्यास तो आकडा तीन कोटींच्या आसपास जातो, हेही ज्याने त्याने आपापल्या परीने ताडून पाहिले असेल. आमच्या जळगावातील मेहरूणच्या तलावाकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. बोरांचा हंगाम असतानाही बोरांच्या प्रतीविषयी कोणी वाद घातला नाही, ही गोष्ट निदान मेहरूणकरांच्या दप्तरी नोंद होण्याजोगी आहे. ‘भाऊ, जुनी टोपी ती, तिचं एवढं सोनं केलं असतं तर?’ असा प्रश्न एका वयोवृद्ध स्नेह्यांनी केला. जळगावास सुवर्णनगरी म्हणतात आणि येथे कोणत्याही वस्तूचे मोल शेवटी तोळ्यांतच सांगावयाचे, अशी जुनी वहिवाट आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटले ते याचे, की ज्या माणसाच्या घरातून ती टोपी बाहेर पडली तो माणूस कोण, कोठला, याची विचारपूस त्या साऱ्या मंडळींत कोणीही केली नाही.

तो माणूस म्हणजे श्रीरंग वासुदेव सोहोनी, क्रिकेटच्या जगतात रंगा सोहोनी. १९१८ साली राजपुतान्यातील निंबाहेडा येथे जन्मलेला हा मराठी गडी प्रा. दि. ब. देवधरांच्या त्या महाराष्ट्र संघात होता, ज्याने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक पुण्यास आणला. पुढे तो बडोद्याकडूनही खेळला आणि मुंबईकडूनही. १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, १९४७-४८ साली लाला अमरनाथांच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियात गेला. नव्या चेंडूने गोलंदाजी आणि प्रसंगी सलामीची फलंदाजी असा दुहेरी उद्योग करणाऱ्या या खेळाडूच्या नावावर सर्व मिळून ४ कसोटी सामने आणि त्यांत २ बळी एवढीच जमा आहे. १९९३ साली ठाण्यास त्याचे देहावसान झाले. मराठी वर्तमानपत्रांनी त्याची आठवण यापूर्वी अखेरची केव्हा काढली होती हे सांगणे कठीण आहे. या खेपेस काढली ती त्याच्याकरिता काढली नाही, ब्रॅडमनच्या टोपीकरिता काढली.

१९४७-४८ चा तो दौरा स्वतंत्र भारताचा पहिला क्रिकेट दौरा. मालिका आपण ४-० अशी हरलो. ब्रॅडमनने ६ डावांत ४ शतकांसह ७१५ धावा काढल्या. आणि तरीही त्या पराभवाच्या कैफियतीत ॲडलेड येथे विजय हजारे यांनी एकाच कसोटीत काढलेली ११६ व १४५ ही दोन शतके आणि दत्तू फडकरांचे १२३ यांना वेगळे मानाचे पान द्यावे लागते. दोघेही मराठी, आणि दोघांनाही ब्रॅडमनची दाद मिळाली. मायदेशातील ही त्याची अखेरची मालिका होती. त्या काळी ऑस्ट्रेलियन खेळाडूस दर मालिकेस नवी टोपी मिळत असे. हल्लीप्रमाणे एकच टोपी सबंध कारकीर्दभर मिरवण्याचा, ती विटली-फाटली तरी धुवावयाची नाही असा सोवळा संप्रदाय अद्याप निघाला नव्हता. त्यामुळे मालिका संपली की टोपी कोणास तरी देऊन टाकण्यात फारसे औदार्य लागत नसे. ब्रॅडमनने एक सोहोनींना दिली. त्याच मालिकेतील दुसरी आपल्या संघाचे व्यवस्थापक पीटर गुप्ता यांच्याकडे आली, ती डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे ३ लाख ९० हजारांच्या बोलीवर, खर्चवेच धरून ४ लाख ७९ हजार ७०० डॉलरांस गेली. ब्रॅडमनची १९२८ सालची पदार्पणाची टोपी २०२० साली साडेचार लाखांस विकली गेली होती हे लक्षात घेतले, म्हणजे पदार्पणाच्या टोपीइतकेच, किंबहुना किंचित अधिकच, मोल पाहुण्यांना सहजी दिलेल्या टोप्यांस आले असे दिसते. याच पंक्तीत शेन वॉर्नच्या टोपीस त्याच वर्षी १० लाख ७ हजार ५०० डॉलर मिळाले. परंतु ती रक्कम वणव्याने होरपळलेल्यांच्या साहाय्यार्थ होती आणि दानाचा भाव व बाजाराचा भाव यांची गल्लत करणे बरे नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. सोहोनींच्या टोपीच्या आत दोन नावे आहेत : एक डी. जी. ब्रॅडमन, दुसरे एस. डब्ल्यू. सोहोनी. लिलाववाल्यांनी पहिल्या नावाचा डंका पिटला, वृत्तपत्रांनी तोच पुढे वाजविला. माझ्या अल्प मतीप्रमाणे त्या टोपीस जे मोल आले त्याचा आधारस्तंभ दुसरे नाव होय. ब्रॅडमनने आयुष्यभर असंख्य सह्या केल्या. निवृत्तीनंतरही त्याच्याकडे पत्रांचा ओघ अखंड वाहत होता आणि तो गृहस्थ मोठ्या शिस्तीने त्यांस उत्तरे धाडीत असे. ब्रॅडमनची सही ही, अर्थात, मौल्यवान वस्तू आहे, पण दुर्मिळ म्हणावी अशी नाही. आणि जी वस्तू मौल्यवान असून विपुलही असते तिची नक्कल करणाऱ्यांचा धंदा कधीच बसत नाही. अशा स्थितीत त्या हिरव्या कापडाच्या आत ज्याला ती मिळाली त्याचे नाव असावे, तो त्या दौऱ्यावर खरोखर होता हे संघाच्या यादीवरून सिद्ध व्हावे, आणि पंचाहत्तर वर्षे ती एकाच कुटुंबाच्या कब्जात राहिल्याचा हवाला मिळावा, ही साखळी अशी आहे की तीत खोटी कडी घालावयास जागाच उरत नाही. खत कितीही सुवाच्य असो, साक्षीदाराची सही नसेल तर ते कज्ज्यात टिकत नाही, हे आमच्या खानदेशातील शेतकऱ्यास कोणी वकिलाने शिकवावे लागत नाही.

येथे मला आमच्या शेजारच्या धुळ्यातील एका पुरुषाचे स्मरण होते. त्याने आयुष्यात कोणा खेळाडूची सही मागितली असेल असे मुळीच वाटत नाही, परंतु संग्राहकांच्या या जगास त्याच्याइतका उत्तम पंच मिळणार नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या पानिपतपर्यंतच्या कालखंडातील अस्सल पत्रांचा. आणि त्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत बखरींची जी झाडाझडती घेतली, ती आजही वाचताना वाचकाचे अंग शहारते. बखर रसाळ असते, पल्लेदार असते, तीत वीरांची भाषणे असतात आणि अंक नेहमी वाढीव असतात. पत्र रूक्ष असते, त्यात बहुधा पैशाची मागणी आणि चाऱ्याची तक्रार असते. परंतु पत्र त्या दिवशी, त्या जागी, त्या माणसाने लिहिलेले असते आणि बखर मागाहून, ऐकीव गोष्टींवरून, कोणाच्या तरी खुशीसाठी रचलेली असते. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळली, पेट्या-पेटारे उघडावयास लावले, मालकांच्या विनवण्या केल्या, प्रसंगी भांडणेही केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा धुळ्यात अंत झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच नगरात उभे राहिले. 

राजवाड्यांच्या या फुटपट्टीने पाहिल्यास लिलावाची सूची ही निव्वळ बखर ठरते. सोहोनींच्या घरातील माणसांस सोळावे वर्ष लागल्यावरच ती टोपी पाहावयास मिळे, आणि तीही केवळ पाच मिनिटे, ही कथा लिलाववाल्यांनीच जगभर पसरविली. कथा खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. मराठी मध्यमवर्गीय घरांत देव्हाऱ्यातील ताम्हनापासून आजोबांच्या चष्म्यापर्यंत कशाकशाला सोवळे असते हे मी जाणतो. माझे म्हणणे एवढेच, की ही कथा बोली वाढविण्यास उपयोगी पडली आणि टोपी खरी ठरविण्याच्या कामी तिचा काडीचा उपयोग नाही. टोपीचे खरेपण त्या आतील दुसऱ्या नावात होते. जिज्ञासूंनी या दोहोंमधील अंतर एकदा नीट ध्यानी घेतले, की बाजारातील निम्म्या वस्तूंपुढे आपोआप प्रश्नचिन्ह उभे राहते.

सहीची परीक्षा कशी करितात, हे थोडक्यात सांगावयास हरकत नाही. पहिली गोष्ट, लेखणी. बॉलपेनचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. तेव्हा १९३६ च्या संघाची सही त्या पेनाच्या तुकतुकीत, खोबणी पाडणाऱ्या रेघेत असेल, तर ती एक तर पुष्कळ नंतर घेतलेली असावी किंवा घेतलेलीच नसावी. दुसरी, कागद. १९५० च्या सुमारापासून कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळू लागले ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. रणजित्सिंहजींच्या सहीखालचा कागद असा चमकू लागला की परीक्षा तेथेच समाप्त करावी. तिसरी, हाताचा वेग. स्वतःचे नाव लिहिणारा मनुष्य बेफिकीर असतो, त्याची रेघ वेगाने जाते व शेवटी बारीक होत विरते. दुसऱ्याचे नाव चितारणारा सावध असतो, म्हणून त्याच्या रेघेत कंप येतो, मध्येच लेखणी उचलली जाते आणि शेवट बोथट होतो. म्हणजे नक्कल बहुधा मुळापेक्षा सुवाच्य असते! याखेरीज दोन फसवणुकी अशा आहेत की त्यांना फसवणूक म्हणणेही अवघड : एक, छापील सह्या, ज्या स्मरणिकांत व चित्रांत शाईसारख्याच दिसतात, पण भिंगाखाली छपाईचे ठिपके दाखवितात, आणि दुसरी, संघाच्या बॅटीवर अकरा जणांच्या सह्या कोणा एकाच परोपकारी सहकाऱ्याने किंवा तंबूतील पोऱ्याने ठोकून देण्याची जुनी रीत. या दुसरीत हस्ताक्षर त्या काळचे, शाई त्या काळची, बॅटही त्या सामन्याचीच. खोटी असतात ती फक्त नावे.

सह्यांच्या इतिहासातील सर्वांत नामांकित मुंबईकर पान मात्र या साऱ्या परीक्षांच्या पलीकडचे आहे, आणि जळगावकरांस त्यात विशेष रस वाटण्यासारखा आहे. डिसेंबर १९३३ मध्ये डग्लस जार्डिनचा एमसीसी संघ मुंबईस आला. जिमखान्याच्या मैदानावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला. त्यात अमरनाथांनी ११८ धावा काढून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदविले आणि विजय मर्चंट यांनी त्याच सामन्यात पदार्पण केले. मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत त्या एमसीसी संघातील सोळा जणांच्या सह्यांचे पान होते. त्या गांधीजींची सही घेण्यास गेल्या, तेव्हा महात्माजींनी वही चाळून नेमके तेच पान काढले आणि सोळा साहेबांच्या खाली सतराव्या क्रमांकाने आपली सही केली, अशी हकीकत आहे. शरीरवेधी गोलंदाजीचा जनक असलेल्या, आणि योगायोगाने मुंबईतच जन्मलेल्या, कप्तानाच्या संघात अहिंसेचा आचार्य दाखल झाला! या पानाचे आज किती मोल होईल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु गांधीजींच्या सहीचा दर त्यांनी स्वतःच ठरविला होता हे विसरता कामा नये. हरिजन निधीकरिता एका सहीस पाच रुपये. नामवंतांपैकी सहीचा मोबदला उघडपणे मागणारा आणि त्याचा चोख हिशेब ठेवणारा दुसरा मनुष्य मला तरी ठाऊक नाही. १९३६ च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात फैजपूरला, ग्रामीण भागातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. त्या काळी खानदेशातील किती घरांतून ते पाच रुपये निघाले असतील आणि त्या वह्या आज कोठल्या माळ्यावर असतील, या विचाराने माझ्यासारख्याची झोप उडते. जळगावात जैन हिल्सवर २०१२ साली गांधीतीर्थ उघडले, तेथे जुन्या कागदांच्या जतनाची शास्त्रशुद्ध व्यवस्था आहे. तेव्हा ज्यांच्याकडे तसा कागद असेल त्यांस दूर जावयाचे कारण नाही.

इथवर ज्यांचा विषय झाला त्यांच्या सह्या कोणी तरी मागितल्या होत्या. मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या संघाकडून ११४ बळी घेतले. त्या पिढीतील भारतीयांत त्यांच्या तोडीचा डावखुरा गोलंदाज नव्हता. त्याच बाळूंना पुण्याच्या जिमखान्यावर आरंभी मैदानाची निगा राखण्याचे व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम होते, आणि हिंदू संघात घेतल्यावरही विश्रांतीच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात येत असे. अशा माणसापुढे वही कोण उघडणार? ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातचे अक्षर जपून ठेवावे, अशी बुद्धी त्या काळच्या भद्र समाजास होणे शक्य नव्हते. संग्राहक आज दुर्मिळतेच्या गोष्टी सांगतात, तेव्हा ती दुर्मिळता कोठून आली हेही सांगावे. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल, ज्यांनी १९२३ साली हिंदू संघाचे नेतृत्व केले, त्यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. माझ्या हाती निवड असती तर एका पारड्यात तीन कोटींची टोपी आणि दुसऱ्यात त्या पुस्तकाची जुनी प्रत असता मी कोणते पारडे धरले असते, हे सांगण्यास मला क्षणाचाही विलंब लागला नसता. घरच्यांनी मात्र टोपी धरा म्हटले असते, आणि संसाराच्या दृष्टीने तेच बरोबर.

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट याच जातीची. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या, ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम अवघ्या काही धावांवर होता. आणि काठियावाडचे कप्तान असलेल्या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनने निंबाळकरांस अभिनंदनाचे पत्र धाडले व तुमची खेळी माझ्या खेळीहून सरस, असे कळविले, असे सर्वत्र सांगितले जाते. हा मजकूर सांगितला जाणे वेगळे आणि तो कागद एखाद्या काचेखाली सर्वांस वाचावयास मिळणे वेगळे. राजवाडे असते तर पहिल्यावर त्यांनी एक ओळ खर्च केली नसती आणि दुसऱ्यासाठी निंबाळकरांच्या कोल्हापुरापर्यंत चालत गेले असते.

संग्रहालये निघत आहेत ही आनंदाची गोष्ट. पुण्यात सहकारनगरला ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ २०१२ साली तेंडुलकरांच्या हस्ते उघडले. वानखेडे मैदानात मुंबई क्रिकेट असोसिएशनचे संग्रहालय २०२५ साली सुरू झाले आणि दाराशी गावसकरांचा पुतळाही उभा राहिला. परंतु अशा ठिकाणी सामान्यतः थोरांच्या बॅटी, थोरांचे मोजे, थोरांच्या सह्या यांचीच मांदियाळी असते. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरील संग्रहालयात १९३६ साली जहांगीर खानच्या चेंडूने गतप्राण झालेली एक चिमणी पेंढा भरून ठेवलेली आहे! तिने कोणतीही कामगिरी केली नव्हती. ती सापडली तशी, चेंडूसह, तिच्या हकीकतीसह जपली, म्हणून आज तिला पाहावयास माणसे थांबतात. जिल्हा संघांच्या धावफलकाच्या वह्या, खानदेशातील शाळा-महाविद्यालयांच्या संघांची कार्डबोर्डावर चिकटविलेली छायाचित्रे, मामलेदार कचेरी विरुद्ध वकील मंडळ असल्या सामन्यांची निमंत्रणे, यांस त्या चिमणीइतका तरी मान असावा, अशी मागणी करणे फार झाले काय?

कायद्याची बाजूही घडीभर पाहावी. १९७२ च्या पुरातन वस्तू व बहुमोल कलाकृतींविषयीच्या कायद्यान्वये सामान्य वस्तू शंभर वर्षांची झाल्यावर पुरातन ठरते. ऐतिहासिक, वैज्ञानिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या हस्तलिखितास मात्र पंचाहत्तर वर्षे पुरतात, आणि पुरातन ठरलेली चीज खासगी इसमास देशाबाहेर पाठविता येत नाही. १९४७-४८ ची टोपी या हिशेबाने अद्याप तरुण आहे. त्याच दौऱ्यात लिहिलेली रोजनिशी मात्र त्या व्याख्येत येऊ शकेल. विकणाऱ्यांनी विकावे, त्यात मला गैर वाटत नाही. घर ज्याचे, नड त्याची. तरी विकण्यापूर्वी वस्तूचे सर्व बाजूंनी छायाचित्र आणि तिची लेखी हकीकत घरात ठेवून घ्यावी.

घरी एखादी जुनी सह्यांची वही असल्यास एवढे करावे. तिला लॅमिनेशन करू नये. ते प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि कागद कायमचा गुदमरतो. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाईत उतरतो. चौकटीत घालून भिंतीवर टांगली तर उजेडाने शाई उडते. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपार जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर तर ती मुळीच नको. खालच्या मजल्यावरील कपाटात, वर्तमानपत्राच्या आम्लयुक्त कागदापासून दूर, आडवी ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांस ती सही कोणी, कोठे, कोणत्या सामन्याच्या वेळी घेतली हे आज विचारावे, आणि ते सांगतील तो मजकूर त्यांच्या नावासह, तिथी-वारासह, वेगळ्या कागदावर उतरवून वहीत ठेवावा. पानावरच खूण करणे भाग असेल तर मागील बाजूस, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने करावी. शाई आरपार जाते.